झाकण

विली लूमिसला दागिने हवे होते. कॉलिन्स घराण्याच्या पूर्वजांबरोबर जडजवाहीर पुरलं आहे, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. म्हणून तो रात्री ईगल हिलच्या दफनभूमीत शिरतो, समाधिगृहाच्या भिंतीवरच्या सिंहमुखातली कडी ओढतो आणि एक गुप्त खोली उघडते. खोलीत साखळदंडांनी आवळलेली एक शवपेटी. एवढा बंदोबस्त आहे म्हणजे आत धनच असणार, हा चोराचा हिशेब. तो साखळ्या तोडतो, झाकण उचलतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. चेहरा दिसत नाही, भाग तिथेच संपतो. ‘डार्क शॅडोज’ या अमेरिकन मालिकेचा हा २१०वा भाग १७ एप्रिल १९६७ रोजी दाखवला गेला.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घाबरलो की नाही ते आता आठवत नाही. आठवतं ते झाकण. आपल्या तिरडीला झाकण नसतं. बांबू, सुतळी, गवत. चेहरा उघडा, सगळ्यांना दिसणारा, आणि काही तासांत माणसाबरोबर तिरडीचीही राख. म्हणून आपली भुतं पिंपळावर राहतात, विहिरीत राहतात, पेटीत कधीच नाही. मेलेल्या माणसासाठी सुताराने मापाने घडवलेली, उघडता-मिटता येणारी एक वस्तू मागे उरते, ही कल्पनाच मला परकी होती. कदाचित त्यामुळेच ती माझ्या मनातून गेली नाही.

डॅन कर्टिसची ही मालिका जून १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक गाव, समुद्राकाठचा वाडा, तिथे मुलाला शिकवायला आलेली एक अनाथ तरुणी. आठवड्याचे पाचही दिवस अर्ध्या तासाचा भाग न्यूयॉर्कच्या स्टुडिओत चित्रित व्हायचा. ध्वनिचित्रफीत कापून जोडणं खर्चाचं, म्हणून चुका तशाच राहून जात. मायक्रोफोन चित्रात डोकावतो, त्याची सावली कपाळावर पडते, भिंत हलते, नट वाक्य विसरतो. पाहणारे हसतात; मला हसू येत नाही. रोज नवा भाग उभा करणाऱ्या माणसांचे श्रम त्या हलणाऱ्या भिंतीत दिसतात. आणि त्या सगळ्या पुठ्ठ्या-फळ्यांच्या जगात शवपेटीला मात्र नुसतं दिसून भागत नसे. तिच्यात खरोखरचा माणूस आडवा व्हायचा, झाकण खरोखर मिटायचं. भिंतीने भिंतीचं सोंग घेतलं होतं. पेटी पेटीच होती.

तो माणूस जोनाथन फ्रिड. कॅनडातल्या हॅमिल्टनचा, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला नट. बार्नाबस कॉलिन्स हे त्याने साकारलेलं पिशाच्च थोड्या दिवसांपुरतंच आणलं होतं, पण लोकांनी त्याला जाऊ दिलं नाही. शाळा सुटल्यावर मुलं धावत घरी येत, ती त्याच्यासाठी. संवाद पाठ करणं फ्रिडला जड जायचं. समोरच्या फलकावर शब्द शोधताना त्याच्या नजरेत एक भांबावलेपण यायचं आणि प्रेक्षकांना ते बार्नाबसचंच दुःख वाटायचं. मलाही वाटतं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं अंधारात पडून राहिलेला माणूस बोलताना असाच चाचपडेल.

१९६९ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने या बार्नाबसचा घरी खेळायचा खेळ काढला. त्यात एक लहानशी शवपेटी होती. तिच्यातून हाडं काढून ज्याने त्याने आपला सांगाडा जुळवायचा. जमिनीवर मांडी घालून त्या पेटीत हात घालणारी मुलं माझ्या डोळ्यांपुढे येतात. विलीने केलं तेच ती करत होती, आणि त्यांचा हात कुणी धरत नव्हतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र मालिकेतला पुढचा एक प्रसंग. कथा मागे १७९५ मध्ये जाते आणि ती पेटी बंद कुणी केली ते कळतं. बार्नाबसच्या बापाने. जोशुआ कॉलिन्स हा करारी, घराण्याच्या नावाला जपणारा माणूस. मुलगा पिशाच्च झाल्याचं त्याला कळतं. मुलगा स्वतःच म्हणतो, मला संपवा. बापाच्या हातून ते होत नाही. मग तो बेन स्टोक्स या नोकराकरवी पेटीला साखळदंड घालून घेतो. मारवत नाही आणि मोकळंही सोडवत नाही, म्हणून साखळी. लुई एडमंड्सने हा बाप असा उभा केला आहे की त्या क्षणी पेटीतल्या मुलापेक्षा बाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडेच माझी नजर जाते. पोराला खोलीत निजवून दार लावून घेतलं, एवढंच काय ते त्याने केलं आहे, असं त्याचा चेहरा म्हणतो.

१९६८ च्या आरंभी लोकांनी हे पाहिलं. ही साखळी तुटताना त्यांनी वर्षभरापूर्वीच पाहिली होती. जोशुआ कडीकोयंडा नीट बसला आहे ना ते बघतो, सिंहमुखाची खोली मिटते, आणि पडद्याबाहेर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, दागिने शोधत विली येणार आहे.