आठवड्याला एक हिट

'बुल डरहॅम' हा बेसबॉलवरचा १९८८ चा सिनेमा माझा फार लाडका. कितीदा पाहिलाय ते विचारू नका. त्याचा लेखक-दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः खेळाडू होता हे मला बरंच उशिरा कळलं, आणि तेव्हापासून सिनेमापेक्षा हा माणूसच जास्त डोक्यात बसलाय.

शेल्टन १९६७ ते १९७१ अशी पाच वर्षं बाल्टिमोर ओरिओल्सच्या मायनर लीग संघांतून खेळला. मायनर लीग म्हणजे मोठ्या संघांनी पोसलेले, लहान गावांतले संघ. तुटपुंजा पगार, लांबलचक बसप्रवास आणि एकेक पायरी वर चढायची धडपड. हा इनफिल्डर, म्हणजे बेसच्या आसपास उभ्या राहणाऱ्या चौघांपैकी एक. जागा बहुतेक वेळा सेकंड बेसची. चढत चढत तो रॉचेस्टरपर्यंत पोचला. तिथून वर फक्त मेजर लीग.

..आणि तिथेच गाडी अडली. १९७१ साली ओरिओल्सच्या सेकंड बेसवर डेव्ही जॉन्सन, शॉर्टस्टॉपला मार्क बेलँजर, थर्ड बेसवर ब्रुक्स रॉबिन्सन. तिघांनाही त्या वर्षी उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळाला! बरं, खाली रॉचेस्टरमध्ये शेजारीच बॉबी ग्रिच उभा. पुढे १९७३ मध्ये जॉन्सनची जागा रिकामी झाली ती ग्रिचलाच मिळाली, आणि त्याने ओळीने चार वर्षं गोल्ड ग्लव्ह पटकावला. आपले पॅडी शिवलकर आठवा. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण पुढे बेदी. कसोटी एकही नाही.

१९७२ मध्ये शेल्टनने खेळ सोडला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. मेजर लीगचा एकही सामना नावावर नाही. मग शिल्पकला शिकला, मग पटकथा.

माझा भाचाही २६ चाच. एमपीएससीचे चार प्रयत्न करून यंदा थांबला. 'वर्षं फुकट गेली' हे वाक्य घरात रोज कुणीतरी म्हणतंच. (ताई, वाचते आहेस ना?) मला ते पटत नाही. त्या सिनेमात एक प्रसंग आहे. ऐन सामन्यात खेळाडू पिचरभोवती जमतात. आपल्याला वाटतं, काहीतरी डावपेच शिजतोय. तर तिथे चर्चा कसली, लग्नाच्या आहेराची! हे सुचायला त्या घोळक्यात उभं राहिलेलं असावं लागतं.

आणि ते गणित. नायक क्रॅश डेव्हिस दारूच्या नशेत सांगतो तेव्हा आधी हसू येतं. .२५० आणि .३०० सरासरीत फरक किती? ५०० वेळा बॅटिंगला आलात तर २५ हिट. सहा महिन्यांचा हंगाम धरला तर आठवड्याला एक! एखादा चेंडू दोन हात इकडून गेला, एखादा फिल्डर जरा सुस्त निघाला, तरी वर पोचता येतं. मी कागदावर मांडून पाहिलं, हिशेब बरोबर आहे. त्यानंतर मात्र हसू येईना.

क्रॅश डेव्हिस हे नाव शेल्टनला जुन्या विक्रमांच्या पुस्तकात सापडलं. तोही खराखुरा इनफिल्डर. डरहॅमकडून १९४८ च्या हंगामात त्याने ५० वेळा एकाच फटक्यात सेकंड बेस गाठला होता.