फोटो मीच काढला होता

सहा वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात श्रवणयंत्र वाटपाचं एक शिबिर झालं. बातमी माझीच होती. स्टेजवर मान्यवर, मागे बॅनर, हार-शाली, आणि समोर आठ वर्षांची एक मुलगी. पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या कानामागे यंत्र लावलं. ती आधी दचकली, मग हसली. तेवढ्यात मी क्लिक केलं. 'चिमुकलीच्या कानी आला आवाज', तीन कॉलम. आठवडाभर आपली कॉलर टाइट!

मागच्या महिन्यात सोयाबीनच्या भावाची बातमी करायला मेहकर तालुक्यात गेलो होतो. एका घरी चहाला थांबलो, तर भिंतीवर माझीच बातमी, लॅमिनेशन करून लावलेली. मुलगी आता चौदाची. कानात काहीच नाही. विचारलं तर आईने पत्र्याच्या पेटीतून डबी काढली. त्यात दोन्ही यंत्रं, फडक्यात गुंडाळलेली, नव्यासारखी.

कारण काय, तर काहीच मोठं नाही. मूल वाढतं तसा कान वाढतो. कानात बसणारा साचा वर्षभरात सैल होतो, मग यंत्र शिट्टी मारायला लागतं. साचा नवा करावा लागतो, हे घरच्यांना कुणी सांगितलंच नाही. वर्गात शिट्टी वाजली की पोरं हसायची, म्हणून तिने यंत्र काढून ठेवलं. त्यात बटणाएवढा सेल. स्टिकर काढला की त्याला हवा लागते आणि तो सुरू होतो, मग वापरा किंवा नका वापरू, आठ-पंधरा दिवसांत संपतो. गावच्या दुकानात पेन्सिल सेल मिळतो, हा मिळत नाही.

केंद्राच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळालं की तीन वर्षांनी पुन्हा मागता येतं, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तर वर्षभरानेच. हा नियम त्या घराला माहीत नव्हता. माझ्या तीन कॉलममध्येही नव्हता. पाहुण्यांची नावं मात्र सगळी होती.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दिवेलागणीची वेळ झाली होती. मुलगी पाणी घेऊन आली आणि दारातल्या बाजेवर धडकली. रोजचीच बाज, रोजच्याच जागी. बाप म्हणाला, "भाऊ, तिले संध्याकाळचं काही दिसत नाही. आम्हाले वाटलं पोरगी धांदरट हाये." शाळेतही तेच, 'लक्ष नसतं'.

मी डॉक्टर नाही. पण जन्मापासून कमी ऐकू येणारं मूल वयात येताना अंधारात अडखळायला लागलं तर डोळ्याचा पडदा तपासावा, एवढं वाचलेलं होतं. आठ दिवसांनी त्यांना घेऊन बुलढाण्याला एका डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, नजर नळीतून पाहिल्यासारखी होत जाते. कान आणि डोळा एकत्र म्हणजे अशर सिंड्रोमची शंका, अनुवंशिक. घरात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं. ते ऐकून आई खाली बघत बसली. तिचा काय दोष? आपल्याकडे निम्म्या गावात सोयरिकी अशाच जुळल्यात.

त्या दिवशी डबीतल्या यंत्राचा अर्थच माझ्यासाठी बदलला. ऐकू न येणारं मूल ओठ वाचतं, हातवारे बघतं. हिचं तेही हळूहळू जाणार. म्हणजे कानात जे काही उरलंय तेच तिचं भांडवल. मोटारसायकल डावीकडून येतेय की उजवीकडून, हे दोन्ही कानांनी मिळूनच कळतं. एका कानात यंत्र आणि दुसरा रिकामा, तर दिशा कळत नाही. डिजिटल यंत्र लावतानाही बघावं लागतं. बरीच यंत्रं समोरचा आवाज वाढवतात आणि मागचा दाबतात. डोळस मुलाला वर्गात ते सोयीचं, पण हिला रस्त्यावर मागचाच आवाज हवा. शाळेसाठी एफएमचा संच असतो: छोटा माइक बाईंच्या गळ्यात, रिसीव्हर मुलीच्या यंत्राला. पन्नास पोरांच्या गलक्यातही बाई जणू कानाशी बोलतात. पण वर्गाबाहेर पडताना यंत्राचा स्वतःचा माइक चालू हवा, नाहीतर आजूबाजूचं जग बंद.

हे सगळं कोण बघणार? तिच्या प्रमाणपत्रावर एकच शब्द आहे, कर्णबधिर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात बहुविकलांगतेखाली बधिरांधता स्पष्ट लिहिलेली आहे. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते, हा नव्हता. आणि मुंबईत बेरोज वाच्छा यांनी बधिरांध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली 1977 साली! म्हणजे काम आपल्याच राज्यात, माझ्या जन्माआधीपासूनचं. 2011 च्या जनगणनेत मात्र अशी मुलं 'एकापेक्षा जास्त अपंगत्व' या एकाच रकान्यात गेली. आपल्या जिल्ह्यात किती, याचा आकडा मला त्यातून काढता येत नाही.

शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळायला लागले तेव्हा दिल्लीहून पथकं आली, चॅनलच्या गाड्या आल्या. यायलाच पाहिजे होत्या, मीही तिथे दोन दिवस होतो. या मुलीची नजर सहा वर्षं जात होती आणि माझी बातमी तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर होती.

गुरुजी, आशाताई, अंगणवाडीताई हे वाचत असतील तर एकच विनंती. तुमच्याकडे कानाचं यंत्र मिळालेलं मूल असेल तर ते यंत्र आज कानात आहे का, बघा. आणि संध्याकाळी ते मूल कसं चालतं, तेही बघा.

नव्या साच्यांसाठी मापं दिलीत. उजव्या यंत्रावर नेलपॉलिशचा टिपका सुकवून उंचवटा केलाय, म्हणजे अंधारात बोटाने डावं-उजवं कळतं. कल्पना तिचीच. बुधवारी नव्या प्रमाणपत्रासाठी जायचंय. काल बापाचा फोन आला होता, गाडी किती वाजताची ते विचारायला. ठेवता ठेवता म्हणाला, "दोन्ही लिहितीन ना, भाऊ?"