बत्तीस फुटी नौका आणि बोटभर खिळा

मुलांनो, नाव बुडते कशानं? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की भराभर हात वर होतात. वादळानं! खडकावर आपटून! एक जण तर म्हणाला, मगरीनं! खिळ्यानं, असं मात्र कुणीच म्हणत नाही.

आमचं आसगाव भंडारा जिल्ह्यातलं. समुद्र इथून कितीतरी दूर, पण वैनगंगा जवळची, म्हणून डोंगा सगळ्यांच्या ओळखीचा. काठावर पालथा घालून डांबर लावलेला डोंगा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. आज सांगते ती गोष्ट मात्र मुंबईत बांधलेल्या एका शिडाच्या नौकेची.

तिचं नाव सुहैली. हे आग्नेयेकडच्या वाऱ्याचं अरबी नाव. लांबी 32 फूट, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढी. लाकूड आपल्या ओळखीचं, सागवान. 1963-64 साली मुंबईच्या कारागिरांनी ती बांधली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातून तो एकटाच निघाला. शर्यत होती, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालायचा.

थोड्याच आठवड्यांत नौकेत पाणी शिरू लागलं. काठ नाही, सुतार नाही, खाली खोल समुद्र! रॉबिननं बुडी मारून पाहिलं, तर तळाशी फळ्यांमधली फट उघडलेली. तो पुन्हा पुन्हा खाली गेला. श्वास धरून फटीत कापूस ठासला. त्यावर डांबर लावलेली किंतानाची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली, वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्येच एक शार्क आला, त्याचाही बंदोबस्त करावा लागला. पुढे ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्रही मोडलं. तरी 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तो परत आला. निघाले होते नऊ जण, शर्यत पुरी केली त्यानं एकट्यानं. एकट्यानं, न थांबता जगप्रदक्षिणा करणारा तो पहिलाच माणूस.

पण नौकेचं दुखणं तळाशीच असतं असं नाही. डेकवर कड्या असतात, कप्प्या असतात, दोर गुंडाळायच्या खुंट्या असतात. शिडात वारा भरला की सगळी ओढ दोरातून एका कडीवर येते आणि कडीतून दोन-चार बोल्टांवर. जुनी कडी हलायला लागली की नुसता बोल्ट आवळून भागत नाही. भोकातून पाणी झिरपून लाकूड आतून मऊ झालेलं असतं. म्हणून कडी काढायची आणि टोच्यानं लाकूड टोचून पाहायचं. टोचा सहज आत गेला, तर तेवढं कुजकं लाकूड कोरून टाकून नवा तुकडा बसवायचा. लाकूड घट्ट असेल, तर भोक वाळवून त्यात लाकडाची गुल्ली चिकटवायची आणि तिच्यात नवं भोक पाडायचं. बोल्टभोवती पाणी अडवणारा लेप द्यायचा. डेकच्या खालच्या बाजूनं धातूची रुंद पट्टी लावायची, म्हणजे ओढ वाटली जाते. घरी दाराची बिजागरी निखळली की आपण त्याच भोकात जाडा स्क्रू ठोकून मोकळे होतो. टिकतो किती दिवस, ते तुम्हाला माहीतच आहे!

आणि धातू कोणता? लोखंड गंजतं हे तुम्ही शिकलात. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, हे ध्यानात घ्या. खिळा आतल्या आत फुगतो आणि भोवतालचं लाकूड फोडतो. सुहैलीत लोखंडी खिळे होते. सत्तरी ओलांडल्यावर रॉबिननं तिची मोठी दुरुस्ती काढली. बरंचसं काम स्वतःच्या हातानं केलं, आणि लोखंडी खिळे काढून कांस्याचे बसवले. त्याआधी काही वर्षं ती लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवली होती. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. रॉबिनला ते बघवेना. 2002 साली त्यानं तिला तिथून बाहेर काढलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडलं. शोभेची झालेली नौका मला तरी अशी पाण्यातच आवडते.

लोखंडी खिळ्याला कांस्याचा शेजार मात्र चालत नाही. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. खोटं वाटतं? मग तीन ग्लास घ्या. तीन खिळे घासून चकचकीत करा. एक कोरड्या ग्लासात ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्यात टाका. तिसऱ्याला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळा आणि तोही मिठाच्या पाण्यातच सोडा. रोज सकाळी शाळेत निघण्यापूर्वी बघा आणि वहीत तारीख घालून चित्र काढा. आठव्या दिवशी कोणता खिळा जास्त खराब झाला, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. डोंगा असलेलं कुणी घराजवळ असेल, तर त्यांच्या डोंग्याला खिळे कोणते, हेही विचारून लिहा.