मेन कॉक कुठे आहे?

ह्यूस्टनमधली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. खाली काँक्रीटचा स्लॅब, तळघर नाही, आणि पाण्याचे पाइप बरेचदा पोटमाळ्यातून फिरवलेले. पोटमाळ्यातलं इन्सुलेशन खोल्यांची हवा राखण्यासाठी असतं. त्याच्या वरून गेलेला पाइप बाहेरच्या हवेत उघडाच राहतो. मिनेसोटात कुणी असं घर बांधलं तर पहिल्याच हिवाळ्यात त्याचा धंदा बसेल. इथे वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, म्हणून खपून जातं.

२०२१च्या फेब्रुवारीत खपलं नाही. पारा उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला आणि १५ तारखेच्या पहाटे वीज गेली. गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठून बंद पडत होती. टेक्सासचं वीजजाळं उरलेल्या देशापासून जवळजवळ वेगळं, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज मिळणं शक्य नव्हतं. आळीपाळीने वीज बंद ठेवू असं जाहीर झालं होतं, पण काही वस्त्या सलग दोन-तीन दिवस अंधारात राहिल्या. आमची त्यातलीच. महाराष्ट्रात लोडशेडिंगचं निदान वेळापत्रक तरी लागायचं.

हीटर बंद, घर गार, आणि टीव्हीवरचा जुना सल्ला मोबाइलवर फिरत होता: नळ ठिबकता ठेवा. सल्ल्यात तथ्य आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्या मधे अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो, आणि पाइप जिथे कच्चा तिथे फुटतो, मग ती जागा बर्फापासून लांब का असेना. नळ ठिबकत असला की दाबाला वाट मिळते. पण सगळ्या शहराने नळ सोडल्यावर पाण्याचा दाबच पडला, तेव्हा नगरपालिका सांगू लागली की पाइप वाचवण्यासाठी पाणी सोडू नका, इस्पितळांना आणि आगीच्या बंबांना ते हवंय. त्यात पुढे पाणी उकळून प्यायचा हुकूम निघाला. उकळायचं कशावर, तर विजेच्या शेगडीवर! देव पाण्यात घालून बसावं म्हटलं तर पाण्याचाही भरवसा नव्हता.

गोठलेला पाइप फुटला तरी लगेच गळत नाही. बर्फानेच भोक बुजवलेलं असतं. म्हणून बहुतेकांची घरं थंडी ओसरू लागल्यावर भिजली. आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीच्या छतावर आधी बशीएवढा पिवळट डाग दिसला. नवरा शिडी आणेपर्यंत तो परातीएवढा झाला, मधोमध फुगला, आणि जिप्समचा पत्रा धाडकन पलंगावर आला. मागोमाग गुलाबी इन्सुलेशन ओल्या गोधडीसारखं लोंबायला लागलं आणि त्यातून गार पाण्याची धार.

शेजारचे आजोबा आयुष्यभर तेल शुद्धीकरण कारखान्यात राबलेले, १९८९च्या डिसेंबरातली थंडी सोसलेले. हातात टीच्या आकाराची लांब लोखंडी किल्ली घेऊन ते त्या दिवशी गल्लीभर फिरत होते. फुटपाथलगतच्या मीटरचं झाकण उचलायचं, किल्ली आत घालायची, पाव फेरा फिरवायचा, की त्या घराचं पाणी बंद. नंतर आमच्या दाराशी उभं राहून त्यांनी घरातले सगळे नळ उघडायला लावले, पाइपातलं उरलंसुरलं पाणी निघून जावं म्हणून. "आधी पाणी, मग प्लंबर, मग इन्शुरन्स," एवढंच बोलले आणि पुढच्या घराकडे गेले. आमच्या मोठ्या पगारांच्या गल्लीत त्या आठवड्यात सगळ्यात जास्त किंमत त्या किल्लीला होती.

दुसरी किंमत बादलीला. आपल्या लोकांच्या न्हाणीघरात बादली-मग असतोच, इतरांकडे क्वचित. आमच्या तिन्ही बादल्या शेजाऱ्यांच्या तरणतलावापासून फ्लशच्या टाकीपर्यंत खेपा घालत होत्या. प्लंबर मिळेना, परराज्यातल्या प्लंबरांना कामाची मुभा द्यावी लागली. मराठी मंडळाच्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एरवी बाकरवडी कोण आणतंय याची चौकशी चालते, तिथे अर्ध्या इंचाच्या कपलिंगची विनवणी सुरू झाली. इन्शुरन्सने छताचे आणि गालिच्याचे पैसे दिले. फुटलेल्या पाइपाच्या तुकड्याचे नाहीत, ते कलम मी तेव्हा वाचलं.

अर्थात आमचं छतच पडलं. राज्यात सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. त्यांतली काही उबेसाठी बंद गॅरेजमध्ये गाडी किंवा घरात कोळशाची शेगडी पेटवल्याने विषारी वायूने गेली. म्हणून पाइपाचं रडगाणं मी फार ताणत नाही.

त्याच वर्षी वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची करणारा कायदा झाला. पोटमाळ्यातले पाइप मात्र आपले आपणच बघायचे. त्यांना चढवायच्या फोमच्या नळ्या दुकानात स्वस्तात मिळतात. आणि तिकडे पुण्या-नागपुरात बसून "थंडी फार आहे का रे?" विचारणाऱ्या आईबाबांना एक विनंती. मुलगा-सून, लेक-जावई टेक्सासात असतील तर पुढच्या फोनवर जेवणाची चौकशी झाली की विचारा, पाण्याचा मेन कॉक कुठे आहे. उत्तर यायला वेळ लागला, तर फोन चालू ठेवूनच शोधायला पाठवा.