पत्रांचे बिऱ्हाड

आमचे घर इंदुरात बडा गणपतीजवळ. मंदिर १९०१ सालचे आणि आतली शेंदरी मूर्ती २५ फूट उंच; तेव्हा 'बडा' या विशेषणाबद्दल वाद नाही. गंमत अशी की इतक्या वर्षांचा शेजार असूनही आम्ही मराठी घरे त्याला 'मोठा गणपती' म्हणत नाही. रिक्षावाल्याला सांगायचे ते 'बड़ा गणपति', आणि घरच्या पत्रावर पत्ता घालायचा तो 'बडा गणपती'. पहिल्यात ड-खाली टिंब आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व. दुसऱ्यात टिंब नाही आणि वेलांटी दीर्घ. सीमाभागातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तुमच्याकडे कानडी-मराठीचे जे, तेच आमच्याकडे हिंदी-मराठीचे. या एका टिंबाने पुढे मला बरेच दमवले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझे थोरले बंधू निपाणीला शिक्षक होते. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना संगणक घेऊन दिला आणि २००८ पासून ते मला ईमेल लिहू लागले. ईमेल म्हणायचे, पण ती पत्रेच होती. वर 'श्री', उजवीकडे तारीख, 'चि. बाळास अनेक आशीर्वाद', आणि मग निपाणीचा पाऊस, तंबाखूचा भाव, वाचलेले कानडी पुस्तक, माझ्या आधीच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका. मी तोपर्यंत मुख्याध्यापक झालो होतो, तरी त्या चुका निघतच.

दादा २०२१ साली गेले. दिवसकार्य आटोपल्यावर एका रात्री मी त्यांची पत्रे काढायला बसलो आणि लक्षात आले की पहिल्या तीन वर्षांची पत्रे नाहीत. ती एका मोफत टपालसेवेच्या खात्यात होती. पुढे मी दुसरे खाते उघडले, जुन्याकडे फिरकलो नाही, आणि वापर नाही म्हणून ते खाते केव्हाच बंद झाले होते. नियम त्यांनी आधीच लिहून ठेवला असणार. मी वाचला नव्हता. वडिलांची १९६० च्या आसपासची पोस्टकार्डे आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत शाबूत आहेत, आणि २००९ सालचे पत्र मात्र कुठेच नाही, हे मला फार लागले.

नव्या खात्यात दादांची ४२७ पत्रे होती. ती घरी आणायची, एवढेच मी ठरवले. कशी आणायची ते ठाऊक नव्हते.

माझा एक माजी विद्यार्थी इथेच संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "सर, तुम्हाला ईमेल क्लायंट पाहिजे." क्लायंट म्हणजे वकिलाचे अशील, एवढेच मला माहीत. त्याने समजावले की ब्राउझरमध्ये आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन पत्र वाचून येतो. क्लायंट हा प्रोग्राम ते पत्र आपल्या घरी आणून ठेवू शकतो. मला हे पटले. जेल रोडवरून दुरुस्त करून आणलेल्या माझ्या जुन्या संगणकावर त्यानेच लिनक्स घालून दिले होते आणि त्यात ईमॅक्स नावाचा टेक्स्ट एडिटर होता. दोन वर्षांपासून मी त्यात व्याकरणाची टिपणे लिहीत होतो. बोटांना त्याच्या कळा सरावल्या होत्या. तेव्हा पत्रेही तिथेच वाचावीत आणि तिथेच लिहावीत, असा माझा हट्ट.

हा ईमॅक्स मोठा जुना गृहस्थ आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत १९७६ साली त्याचा पहिला अवतार घडवला आणि आज वापरात आहे तो ग्नू ईमॅक्स १९८५ पासूनचा. नुसती अक्षरे लिहिण्यासाठी म्हणून आलेल्या या प्रोग्राममध्ये लोकांनी पुढे दिनदर्शिका, हिशेब, खेळ आणि टपाल सगळे आणून बसवले. आमच्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंसारखेच. आधी एक खोली, मग ओसरी, मग गच्ची.

पण टपालाचे भाडेकरू एक नव्हे, अनेक निघाले. उन्हाळ्याची अख्खी सुटी त्यांच्या चौकशीत गेली.

पहिला आरमेल. तो ईमॅक्सबरोबरच येतो. हा गृहस्थ टपालपेटीतली पत्रे सहसा उचलून आणतो आणि सगळी एकाच लांबलचक फाइलीत, एकाखाली एक लिहून ठेवतो. साधेपणा आवडला, पण ४२७ पत्रे एका फाइलीत म्हणजे सगळे दागिने एका डब्यात. ती एक फाइल बिघडली तर?

मग ग्नस. हा मुळात वृत्तगटांसाठी, म्हणजे इंटरनेटवरच्या सार्वजनिक चर्चा वाचण्यासाठी झालेला. मासानोबु उमेदा या जपानी गृहस्थांनी तो आधी लिहिला, आणि नव्वदच्या दशकात नॉर्वेच्या लार्स इंगेब्रिग्ट्सेन यांनी नव्याने रचला. त्याचा स्वभाव वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा: वाचून झाले की बाजूला. मी दादांची पहिली दहा पत्रे वाचली, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, तर ती दहाही दिसेनात. माझ्या पोटात गोळा आला. रात्री साडेदहाला विद्यार्थ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मेल कुठे गेली नाही. बस, दिसून नाही राहिली. वाचलेली तो दाखवत नाही ना." त्याचे 'दिसून नाही राहिली' मी एरवी वर्गात दुरुस्त केले असते. त्या रात्री ते कानाला फार गोड लागले. ग्नसला सवय बदलायला सांगता येते, हे नंतर कळले. पण ज्याने एकदा असा धक्का दिला, त्याच्या हाती दादांना सोपवायला मन तयार होईना.

शेवटी दोघे उरले. एक म्यू-फोर-ई आणि दुसरा नॉटमच. दोघांची मांडणी सारखी: प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, आणि सगळ्या पत्रांतल्या शब्दांची एक मोठी सूची, जशी जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी. पत्रे आणण्याचे काम दोघेही करत नाहीत. ते एमबीसिंक नावाचा तिसरा प्रोग्राम करतो. त्याला मी फक्त आणण्याचीच परवानगी दिली आहे, इकडून काही नेण्याची नाही. (त्यासाठी खात्याचा नेहमीचा परवलीचा शब्द चालला नाही, दुहेरी पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा निराळा शब्द घ्यावा लागला. आमची एक दुपार त्यात गेली.)

म्यू-फोर-ई कामाला चपळ आहे. पत्र या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवणे, टाकून देणे, सगळे झटपट. ज्याला रोज शंभर मेल निपटायच्या आहेत त्याने तोच घ्यावा. मला निपटायचे काहीच नव्हते. २००९ साली कार्ल वर्थ यांनी लिहायला घेतलेल्या नॉटमचच्या नावाचाच अर्थ 'फारसे काही नाही'. तो पत्र आणत नाही आणि पुसूनही टाकत नाही. 'डिलीटेड' अशी चिठ्ठी लावली तरी मूळ फाइल जागेवरच राहते. असल्या चिठ्ठ्या आपण हव्या तितक्या लावायच्या. मी 'दादा', 'शाळा', 'वहिनी', 'पुस्तके' अशा लावल्या. हाच माझा माणूस, असे मला वाटले. एक खोट मात्र आहे: चिठ्ठ्या पत्रात लिहिल्या जात नाहीत, वेगळ्या वहीत राहतात. तेव्हा त्या वहीची नक्कल अधूनमधून काढून ठेवावी लागते. दर संकष्टीला मी ती काढतो.

आता मराठीचे. संगणकाचाच कीबोर्ड मराठी करून ठेवला, तर ईमॅक्सच्या आज्ञा बंद पडतात, कारण त्याला 'एस' हवा असतो आणि त्याच्या हाती भलतेच अक्षर पडते. ईमॅक्सच्या पोटातच देवनागरी लिहिण्याची सोय आहे, ती वापरली की लिहिताना मराठी आणि आज्ञा देताना इंग्रजी, असे दोन्ही सुखाने नांदतात. मी इनस्क्रिप्टवाला. त्यात 'जे'च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह दाबली की आपला ऱ. त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'ऱ्य'. हे अक्षर आमच्याकडच्या मुलांच्या हातून सुटत चालले आहे. फोनवरच्या हिंदी कीबोर्डवर ते सहसा सापडत नाही, म्हणून मुले 'दुसर्या' लिहितात. दादा यावर फार चिडत. 'आचार्यांना आमंत्रण' आणि 'आचाऱ्यांना आमंत्रण' यांतला फरक न पाळल्यास मांडवात कोण येऊन उभा राहील ते सांगता येत नाही, असे ते म्हणत.

खरी परीक्षा गेल्या वर्षी झाली. निपाणीचे घर लहान करायचे ठरले आणि दादांच्या दोन कपाटे पुस्तकांचे काय करावे, हा प्रश्न निघाला. पुतण्याचे म्हणणे, मराठी पुस्तके मराठी शाळेला आणि कानडी पुस्तके कानडी शाळेला द्यावीत. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे काहीतरी निराळे म्हणत होते. तुम्हाला लिहिले असेल बघा."

मी 'पुस्तके' शोधले. अकरा पत्रे निघाली, त्यांत ते नव्हते. 'ग्रंथालय' शोधले. नाही. 'कपाट' शोधले. नाही. त्या आठवड्यात मी शाळेतही चिडचिड केली. मग वर्गात सामान्यरूप शिकवताना फळ्यावर 'पुस्तक – पुस्तकांचे – पुस्तकांना' लिहिले आणि माझाच हात थांबला. यंत्राच्या सूचीला मराठी विभक्ती कुठली ठाऊक? तिच्या लेखी 'पुस्तके' आणि 'पुस्तकांना' हे दोन अनोळखी शब्द. पत्ता शोधतानाही हाच घोळ झाला होता. दादांचे 'बडा गणपती' आणि विद्यार्थ्यांचे 'बड़ा गणपति' ही त्याच्या लेखी दोन गावे. घरी येऊन 'पुस्तक' लिहिले आणि शेवटी एक तारकाचिन्ह टाकले. त्याचा अर्थ, पुढे काहीही जोडलेले चालेल.

एकोणचाळीस पत्रे आली. तिसावे २०१७ सालच्या श्रावणातले. वहिनींच्या गुडघेदुखीची हकिकत, मग माझी एक चूक ('सहानुभूती'तला ऱ्हस्व-दीर्घ), आणि खाली दोन ओळी. माझ्या पुस्तकांना कुणी वेगळे करू नका. कानडी आणि मराठी एकाच फळीवर लावलेली आहेत, ती तशीच एका जागी द्या, मग ती जागा कोणतीही असो.

मी ते पत्र पुतण्याला पाठवले. त्याचे उत्तर तासाभरात आले, फोनवरून, इंग्रजी लिपीत: 'ठीक आहे काका, दोन्ही एकत्रच देऊ.' वहिनी ईमेल पाहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ते छापून काढले, पाकिटावर पत्ता हाताने लिहिला आणि स्पीड पोस्टाने धाडले. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. पत्र दोनदा वाचले म्हणाल्या. मग थोडे थांबून, "कपाटही पुस्तकांबरोबरच द्यायचे का, ते लिहिलेय का हो कुठे? त्याचे एक दार निखळलेय."

मी 'कपाट' लिहून पुढे तारकाचिन्ह टाकले.