वेताळ टेकडीवरून नारायण दरवाजाकडे

लॉ कॉलेज रस्त्याकडून वेताळ टेकडी चढायला लागलं की गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि गिरिपुष्पाच्या झाडीतून मोर ओरडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. सकाळी फिरायला आलेले एक आजोबा बूट काढतात, शेंदूर माखलेल्या देवापुढे डोळे मिटतात आणि पुन्हा झपाझप चालू लागतात. अमावास्येच्या रात्री भुतावळीसह पालखीतून निघतो अशी ज्याची ख्याती, त्याला पुणेकर रोज नमस्कार करतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रशियातल्या रानालाही असा धनी आहे, लेशी. वाटसरूला चकवणारा, पण रान राखणारा. डोहात वोद्यानोय, घरात भट्टीमागे दोमोवोय. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म घेतला, मेघगर्जनेचा देव पेरून याची मूर्ती फरफटत नेऊन नीपर नदीत ढकलली. पुढे लेशी-दोमोवोयसारख्यांना लोक ‘अशुद्ध शक्ती’ म्हणू लागले, तरी त्यांच्यासाठी घास काढून ठेवणं काही सुटलं नाही. आपल्याकडे वेताळाला देऊळ मिळालं आणि पेशवाईत पेठही. आजची गुरुवार पेठ म्हणजे तेव्हाची वेताळ पेठ.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवल्या. म्हसोबा, वेताळ, आईदेवतांच्या ठाण्यांच्या आसपास त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारं सापडली. गणितातला हा माणूस शेंदरी दगडाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून बघत होता. हे कळल्यापासून मलाही अशा ठाण्यावरून नुसतं पुढे जाववत नाही.

टेकडी उतरून, नदी ओलांडून नारायण पेठेत आलं की मुंजाबाचा बोळ लागतो. मुंज झालेला पोरगा लग्नाआधी गेला तर मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत मराठी घरांत आजही ऐकू येते. रशियन लोकसंस्कृतीचे अभ्यासक दिमित्री झेलेनिन यांनी १९१६ मध्ये अशाच मृतांवर ग्रंथ लिहिला. बुडालेल्या, लग्नाआधी गेलेल्या मुली रुसाल्का, म्हणजे जलपिशाच्च, होतात. आयुष्य अर्धं राहिलेली माणसं उरलेले दिवस भूमीवरच काढतात, ही तिथल्या खेड्यांतली श्रद्धा. भीतीइतकीच त्यात हळहळ आहे.

ती हळहळ घेऊनच शनिवारवाड्याच्या नारायण दरवाजापाशी उभं राहावं. ३० ऑगस्ट १७७३ ला गणेशोत्सवात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच कापलं. वय अवघं १८. त्यांचा देह इथून बाहेर नेला, म्हणून दरवाजाला हे नाव. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, असं सांगणारे भेटतातच. दुसऱ्या बाजीरावाला या समंधाने छळलं आणि त्याच्या शांतीसाठी त्याने पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडं लावली, असंही सांगतात. खुनाचा ठपका याच काकांवर, म्हणजे बाजीरावाच्या वडिलांवर, रघुनाथरावांवर होता. भुताच्या या गोष्टीने तो ठपका पुसू दिला नाही, म्हणून मला ती मोलाची वाटते.

रात्रीच्या चित्रफितींसाठी इथे येणाऱ्या पोरांनी गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाबद्दलही विचारावं: पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले.