झोपेत चालणं आणि दाराची घंटी



आज पाककृती नाही. मी झोपेत चालते, त्याबद्दल लिहिते. वय ४३. लहानपणी चालायचे असं आई सांगायची. मधली कितीतरी वर्षं काही नव्हतं, तीन वर्षांपूर्वी परत सुरू झालं.

नवेगाव बांधला आमच्या मागच्या दारातून वाट थेट तलावाकडे जाते आणि पुढे जंगल. एका रात्री मी त्याच वाटेला लागले. कडीचा आवाज ऐकून हे धावत आले, म्हणून बरं. सकाळी मला काही आठवेना, पायांना चिखल तेवढा होता.

गल्लीत लगेच ‘बाहेरचं काहीतरी’ सुरू झालं. सासूबाईच म्हणाल्या, “ताप आला असता तर डॉक्टरकडेच नेलं असतं ना?” मग नागपूर गाठलं. डॉक्टर म्हणाले, गाढ झोपेत मेंदूचा काही भाग जागा होतो आणि बाकीचा झोपलेलाच राहतो. डोळे उघडे असतात, पण भान नसतं. हे बहुतेक झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत होतं आणि पुष्कळदा घराण्यातच असतं. अपुरी झोप, ताप, ताण, झोपेच्या काही गोळ्या यांनी वाढतं. मोठ्या वयात सुरू झालं, तर झोपेत फिट येत नाही ना, घोरताना श्वास अडकत नाही ना, हे तपासून घ्यायचं. माझ्यात तसं काही निघालं नाही. झोपच कमी पडत होती. महाराजांचा चौका लागला की अकराला पाठ टेकायची आणि तीनला उठायचं! आता जाऊबाई आणि मी पाळी लावली आहे.

मागच्या दाराला रात्री कुलूप असतं. किल्ली ह्यांच्या उशाखाली, कारण आग लागली तर ती हाताशी हवी. कडीला छोटी घंटी बांधली आहे. विळी-सुऱ्या कपाटात, विहिरीवर जाळी, आणि मी पलंग सोडून खाली गादीवर झोपते. झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो मरतो, हे खोटं आहे. पण गदागदा हलवलं तर घाबरून तो ढकलू शकतो. हे माझा हात धरतात, हळू बोलतात आणि अंथरुणाकडे वळवतात.

परक्या जागी मात्र आधी सांगावं लागतं. रामटेकच्या धर्मशाळेत तळमजल्यावरची खोली मागितली आणि सोबतच्या काकूंना सगळं सांगितलं. जीभ जडच झाली होती. काकूंनी आपली वळकटी उचलली आणि दाराशी पसरली. “माझा भाऊ चालायचा,” म्हणाल्या, “तू आत झोप.”